इमारत राखणाऱ्याला शिकवा

महाराष्ट्रात घर विकून देणाऱ्या एजंटाला २०२३ पासून परीक्षा द्यावी लागते. महारेराने तसा नियम केला: आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र आणि त्यानंतरच नोंदणी. नियम चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एजंटाचा त्या घराशी संबंध फार तर दोन-चार महिन्यांचा. ताबा मिळाल्यानंतर पुढची पन्नास-साठ वर्षे ती इमारत जो चालवणार, पाणी सोडणार, पंप दुरुस्त करून घेणार, लिफ्ट अडकली की धावणार, आगीचा पंप चालू आहे की बंद ते बघणार, त्याच्यासाठी कोणती परीक्षा आहे? कोणतीही नाही. सोसायटीचा मॅनेजर नेमताना आपण विचारतो ते टॅली येते का, आधी कुठे होतात आणि पगार किती घ्याल. वीस मजले, दोन लिफ्ट, जनरेटर, सांडपाण्याचा प्रकल्प, आगीची वेगळी पाइपलाइन, छतावर सौर पॅनेल एवढे सगळे आपण त्याच्या हाती देतो आणि निर्धास्त झोपतो.

कायदे नाहीत म्हणून असे होते, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी थेट मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘फॉर्म बी’, द्यावा लागतो. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करावी लागते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तर पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी तपासणी करा असे सांगितले आहे. लिफ्टचा १९३९ चा जुना कायदा जाऊन २०१७ चा नवा आला. रेराच्या कलम १७ नुसार भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत बिल्डरने सोसायटीला नकाशे आणि कागदपत्रे द्यायची आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत इमारतीच्या देखभाल-व्यवस्थापनावर वेगळा भागच आहे.

हे सगळे ज्ञान कपाटात आहे. संहिता इंग्रजीत, पंपाचे माहितीपुस्तक इंग्रजीत आणि तेही सेक्रेटरीच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर न आलेले. नकाशे बिल्डरकडे अडकलेले, नाहीतर मागच्या कमिटीच्या चेअरमनकडे, आणि त्यांचे नव्या कमिटीशी बोलणे बंद. ज्याच्या हातात पान्हा आहे त्याच्यापर्यंत यातला एक कागद पोहोचत नाही. मग फॉर्म बी येतो, फाइलला लागतो आणि आगीचा पंप तसाच बंद राहतो.

तो बंद कसा पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. आगीच्या पाइपात पाणी कायम दाबाखाली असावे लागते. कुठेतरी थेंब-थेंब गळती असतेच, त्यामुळे दाब किंचित उतरला की जॉकी पंप नावाचा एक छोटा पंप आपोआप सुरू होऊन तो भरून काढतो. गळती वाढली की हा पंप सारखा चालू-बंद होऊ लागतो. रात्री दोन वाजता त्याचा आवाज पहिल्या मजल्यावरच्या काकांना ऐकू येतो. ते तक्रार करतात. वॉचमन खाली जातो आणि पॅनेलवरचे बटण ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवतो. आवाज थांबतो, काका खूश, सगळे खूश. पुढे कधीतरी एखाद्या घरात आग लागते, ६८ अंशाला स्प्रिंकलरची लाल नळी फुटते, पाइपातले होते तेवढे पाणी येते आणि धार संपते, कारण मोठ्या पंपाचे बटणही त्याच पॅनेलवर आणि त्याच रात्री फिरवलेले. या वॉचमनला दोषी ठरवणे सोपे आहे. त्या बटणाचा अर्थ त्याला कोणी सांगितला होता का, एवढेच माझे विचारणे आहे. खरे तर करायला हवी होती गळतीची दुरुस्ती. ते कळायला अर्ध्या तासाचा एक धडा पुरला असता.

२२ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत लालबागच्या साठ मजली इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. काय झाले ते पाहायला वर गेलेला सुरक्षारक्षक धुरात सापडला, गॅलरीच्या कठड्याला लटकला आणि हात सुटून खाली पडला. घरात कोणी अडकले असेल तर आपण जायला हवे, असे वाटून तो गेला असणार. कोणत्याही इमारतीत संकटाच्या जागी पहिला पोहोचतो तो सर्वांत कमी पगाराचा माणूस, आणि इमारतीच्या यंत्रणेबद्दल सर्वांत कमी माहिती दिली जाते तीही त्यालाच. ही व्यवस्था आपोआप झालेली नाही, आपण ती केली आहे. बदलायची तीही आपणच.

आपल्याकडे बांधणाऱ्याला मान आहे, राखणाऱ्याला नाही. भूमिपूजनाला आमदार येतात, वास्तुशांतीला पाहुणे येतात, पंप बदलला म्हणून कोणी नारळ फोडत नाही. यामागे आळस आहे तसा जुना संस्कारही आहे. पाणी, मैला, चिखल, धूर यांना हात लावणाऱ्यांना आपण शतकानुशतके अक्षरापासून लांब ठेवले आणि अक्षर शिकलेल्यांना त्या हातकामापासून. आज जातीची नावे बदलली, कंत्राटदाराच्या गणवेशावर कंपनीचे नाव आले, पण वाटणी तीच राहिली आहे: नकाशा काढणारा वातानुकूलित कार्यालयात, आणि त्या नकाशाने बांधलेल्या टाकीत उतरणारा दुसराच कोणी. दोघांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नसते.

एप्रिल २०२४ मध्ये विरारमध्ये एका निवासी वसाहतीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. अशा जागी हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाक तो वास ओळखायचेच बंद होते, आणि वास येत नाही म्हणून माणूस निश्चिंत खाली उतरतो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. म्हणून अशा अपघातांत अनेकदा एकाहून जास्त माणसे मरतात. सुरक्षेच्या साधनांशिवाय अशा टाक्यांत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. पण वास थांबला की धोका वाढला असू शकतो, हे एक वाक्य टाकीच्या झाकणाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असते, तर किती बायकांच्या कपाळी वैधव्य आले नसते! भरपाई ठरवायला न्यायालय लागले. हे वाक्य शिकवायला कोणी लागणार नव्हते, आणि तेच राहून गेले.

आता शिक्षणाकडे वळू. इमारतींच्या यंत्रणा आणि मालमत्ता व्यवस्थापन शिकवणारे अभ्यासक्रम देशात नाहीत असे नाही. बांधकाम व्यवस्थापनाच्या संस्था आहेत, पदव्युत्तर पदविका आहेत. त्या शिकून निघालेले तरुण विमानतळ, मॉल आणि आयटी पार्क सांभाळतात, आणि चांगले सांभाळतात. अडचण अशी की हे शिक्षण इंग्रजीत आहे, फी लाखांत आहे आणि ते पदवीधरांपुरते आहे. दुसऱ्या टोकाला सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा आहे. सोसायटीच्या कारभाराची चांगली जाण असलेले कितीतरी लोक ती देऊन आलेले असतात. पण ती हिशेब, लेखापरीक्षण आणि सहकार कायदा शिकवते. गच्चीवरच्या टाकीला अतिप्रवाहाचा पाइप किती व्यासाचा हवा, हे तिच्या कक्षेत येतच नाही. राज्यात एक लाखाहून जास्त गृहनिर्माण सोसायट्या आहेत. त्यांना या दोन टोकांच्या मधला माणूस हवा आहे आणि तो घडवणारी शाळा जवळजवळ नाही. वायरमनला परवाना लागतो, प्लंबरला परवाना लागतो, पण वीज, पाणी, आग, लिफ्ट आणि मैलापाणी या पाचांचा एकमेकांशी संबंध काय हे सांगणारा मात्र कोणी नाही. इमारत आजारी पडते ती या संबंधांत.

एक उदाहरण थोडे विस्ताराने देतो, कारण वर्ग कसा असावा ते त्यातून दिसेल. वीस मजली इमारत. वरच्या मजल्यावरच्या सुनेची तक्रार: शॉवरला धार नाही. खाली पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार: नळाचे वॉशर दर दोन महिन्यांनी जातात, टाकी भरताना आवाज येतो, मशीनचा पाइप फुटला. कमिटीच्या वहीत या दोन तक्रारी वेगवेगळ्या पानांवर. प्लंबर वरच्या घरात छोटा बूस्टर पंप बसवतो आणि खालच्या घरात वॉशर बदलतो. दोन्हीचे पैसे घेतो. यात त्याची लबाडी नाही, त्याला तेवढेच शिकवले आहे.

आता वर्गात फळ्यावर एक रेघ उभी काढा. पाण्याचा दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो दाब वाढतो. टाकीखाली चार मीटरवर असलेल्या सर्वांत वरच्या घराला मिळणार अर्धा किलोसुद्धा नाही, म्हणून धार नाही. साठ मीटर खालच्या घराला मिळणार सहा किलो, आणि घरगुती नळाला तीन-साडेतीनच्या पुढे दाब देऊ नये असे मानतात, म्हणून वॉशर जातात. दोन तक्रारींचा रोग एकच. मग प्रश्न पुढे सरकतो: दाब कमी करणारे वॉल्व्ह कोणत्या मजल्यावर हवेत? नकाशात होते का? होते तर बसवले का? बसवले तर शेवटचे कधी साफ केले? आणि वरच्या दोन मजल्यांसाठी वेगळा बूस्टर व्यवस्थित आखून बसवता आला असता, तर प्रत्येक घरात वेगळा पंप बसवून वाढलेले वीजबिल कोणी भरले?

या एका रेघेत आराखडाही आला, देखभालही आली आणि हिशेबही आला. कित्येक वर्षे पाणी सोडणाऱ्या माणसाला हे समजायला फार तर एक तास लागेल. कारण वॉल्व्ह कुठे कुरकुरतो, कोणत्या मजल्यावरून दुपारी तक्रार येते, हे त्याला आधीच पाठ आहे. कामकऱ्याला शिकवताना लक्षात ठेवायचे ते हेच: अनुभव त्याच्याजवळ आहे, नाही ते त्यामागचे कारण. कॉलेजात आपण कारण आधी देतो आणि अनुभव येईल तेव्हा येईल म्हणतो. इथे उलटे करावे लागते. तक्रारवही हेच पाठ्यपुस्तक. सहा महिन्यांची वही उघडा, एकेक नोंद घ्या, तिच्या मुळाशी जा. स्लाइडा दाखवणाऱ्यांनी कृपया पंपघरात यावे.

छतावरच्या ओलीचे तसेच. गच्चीवर पाणी साठते, प्लास्टरमधून आत जाते, सळईला पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो, तो आतून काँक्रीट फोडतो, पोपडे पडतात. आपण पोपड्यावर पुट्टी लावून रंग देतो आणि दिवाळी साजरी करतो. समुद्रकाठच्या शहरांत खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होते. ड्रेनेजच्या सांध्यातून निघालेले पिंपळाचे रोप वरून छाटतो, मूळ आत राहते. या गोष्टी इंजिनिअरला कळतात, पण इंजिनिअर तपासणीला येतो तो पाच वर्षांतून एकदा. गच्ची रोज झाडणाऱ्या बाईला पोपडा आणि भेग यांतला फरक एकदा दाखवून ठेवा. तिच्याइतकी नियमित तपासणी दुसरा कोणी करणार नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावरच्या फेरफारात खांबांना धक्का लागल्याचे चौकशीत पुढे आले. अशी तोडफोड चालू असताना तिथून रोज जाणारे-येणारे कितीतरी असतात. खांब म्हणजे काय आणि भिंत म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे, त्यांनाच थांबवण्याचे धैर्य होते.

इथे माझ्या म्हणण्यातला दुसरा आणि बऱ्याच जणांना न आवडणारा भाग येतो. ‘नोकरी करणारे व्यावसायिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आर्किटेक्ट, सल्लागार अभियंता, फॅसिलिटी मॅनेजर येतो. त्यांनाही शिकण्याची गरज आहेच, आणि ती प्लंबरहून कमी नाही. अभियांत्रिकीच्या पदवीत तुळई-खांबांचे गणित पुष्कळ होते, पण इमारतीतून पाणी, हवा, वीज, मैला कसा फिरतो हे बऱ्याचदा एका विषयात उरकले जाते. त्यातून अशा इमारती उभ्या राहतात की मुख्य वॉल्व्ह शोभेच्या छताच्या वर झाकलेला. मीटर खोलीत पावसाचे पाणी शिरणारच अशा पातळीवर. जनरेटरचा धूर नेमका कोणाच्या तरी बेडरूमच्या खिडकीशी. आणि डक्ट! दीड फूट रुंदीचा डक्ट, वीस मजले उंच, आत सगळे पाइप. नकाशात तो छान दिसतो, विकाऊ क्षेत्रफळ वाचते. पाइप गळला की एक पोरगा कमरेला दोरी बांधून वरून खाली सोडतात. दोरीचे दुसरे टोक त्याच्याच भावाच्या हातात. तो आराखडा काढणाऱ्याने त्या डक्टमध्ये एकदा तरी उतरून पाहिले असते, तर तो दीड फूट ठेवू शकला असता असे मला वाटत नाही. रेघ काढताना कोणाच्या तरी जिवाचा निर्णय होतो, हे शिकवणारा विषय अभियांत्रिकीत नाही. तो डक्टच्या तोंडाशी उभे राहूनच कळेल.

म्हणून वर्ग एकच असावा. एका बाकावर आराखडा काढणारी अभियंता मुलगी, शेजारी सोसायटीचा मॅनेजर, त्याच्या शेजारी प्लंबर, मागे वॉचमन आणि निवृत्त बँक अधिकारी असलेले सेक्रेटरी. भाषा मराठी, जिथे कामगार हिंदी बोलणारे तिथे हिंदी. पंप, वॉल्व्ह, पॅनेल, ब्लोअर हे शब्द सगळ्यांना येतात, त्यांना संस्कृत प्रतिशब्द घडवत बसू नये. प्रत्येकाने आपल्या इमारतीचा एक नकाशा हाताने काढायचा: पाणी कुठून येते, कुठे साठते, कुठून वर जाते, कुठे बंद करता येते. पदवीधर अभियंत्यांचे नकाशे प्लंबरच्या नकाशापुढे किती फिके पडतील, ते मला पाहायचे आहे.

हे स्वप्नाळू वाटेल. पण आपल्याकडे याहून अवघड गोष्टी झालेल्या आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला दिवसा शिकता येत नाही, हे ओळखून. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, गवंड्या-मजुरांत वावरत, हे आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालताना विसरतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी लवकर ठेवले. कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’ प्रत्यक्षात चालवून दाखवले. ज्याला शिकायचे त्याच्या वेळेप्रमाणे शाळेने हलायचे, हे या सगळ्यांच्या कामात समान होते. आज आपण शाळेची वेळ ठरवतो आणि नोकरदाराला म्हणतो, जमवा.

आणि ‘जमवा’ कोणाला म्हणतो? अभियंता शनिवारी येऊ शकतो. बारा तासांची पाळी करणारा सुरक्षारक्षक संध्याकाळी सातला वर्गात बसू शकत नाही. तो तेव्हा एक पाळी संपवून दुसरीकडे निघालेला असतो. त्याच्यासाठी वर्ग कामाच्या वेळेत झाला पाहिजे आणि त्या तासांचा पगार मिळाला पाहिजे. ज्याच्या सुरक्षिततेसाठी तो शिकणार, त्याने त्या तासांचे पैसे द्यायचे. यात दानधर्म कसला? कंत्राटात दर महिन्याला दोन तास प्रशिक्षणाचे, असे एक कलम घालायचे आहे फक्त. संस्था नाहीत ही सबबही खरी नाही. गावोगावी आयटीआयच्या कार्यशाळा आहेत, पाइप-मोटारींसह. पुण्यात १८५४ पासून आणि मुंबईत १८८७ पासून तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. घरबसल्या शिकणाऱ्यांसाठीच १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत. काही ठिकाणच्या गृहनिर्माण फेडरेशन सोसायट्यांसाठी वर्ग घेतात, त्यांत कायद्याबरोबर पंपघर घ्यायला त्यांना कोणी अडवलेले नाही.

पैशांचेही तसेच. सहकार कायद्यात २०१३ मध्ये आलेल्या कलम २४-अ प्रमाणे सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांचे प्रशिक्षण करणे सोसायटीवर बंधनकारक आहे. कर्मचारी हा शब्द कायद्यात आहे. मेंटेनन्सच्या बिलात शिक्षण-प्रशिक्षण निधीची एक बारीक ओळ असते, ती पाहा. ते पैसे गोळा होतात. त्यांतून कधी एखाद्या प्लंबरने काही शिकल्याचे तुम्ही ऐकले आहे का?

‘शिकवले की तो सोडून जातो,’ असे सेक्रेटरी लोक सांगतात. जाईल. चांगला पगार मिळाला तर जावेच. न शिकवलेला माणूस राहिला आणि सांडपाण्याचा ब्लोअर वीजबिल वाचवायला रात्री बंद करत राहिला, तर त्याने काय वाचवले ते कमिटीने मोजावे. ब्लोअरची हवा बंद झाली की मैला खाणारे जिवाणू मरतात, वास सुटतो, प्रक्रिया केलेले पाणी बागेलाही चालत नाही आणि मग सोसायटी झाडांसाठी टँकर मागवते. विजेचे काही हजार वाचवायचे आणि टँकरचे लाख मोजायचे, हा हिशेब कितीतरी वसाहतींत वर्षानुवर्षे चालू आहे. लॉबीला इटालियन संगमरवर लावताना कोणी म्हणत नाही की दगड सोडून जाईल.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. प्रमाणपत्र सक्तीचे केले की प्रमाणपत्रांची दुकाने निघतील. फॉर्म बीचे जे झाले तेच याचे होईल. ही भीती मलाही आहे. म्हणून परीक्षा कागदावर नको. दिवे घालवा आणि पंधरा मिनिटांत सांगा बरे सातव्या मजल्याचा वॉल्व्ह कुठला. आगीचा पंप ‘मॅन्युअल’वर ठेवा आणि पाहा त्याच्या लक्षात येते का. झाकण उघडण्याआधी तो काय करतो ते पाहा. ज्याला हे जमते त्याला प्रमाणपत्र द्या, मग त्याला इंग्रजीत सही करता येवो न येवो. आणि ज्याला जमत नाही त्याला, तो अभियंता असला तरी, पुन्हा बसवा. उंच इमारतींसाठी अशा प्रमाणित व्यवस्थापकाची सक्ती सरकारने करावी. आधी सत्तर मीटरवरच्या, मग हळूहळू खालच्या. एजंटासाठी जे करता आले ते यांच्यासाठी करता येणार नाही, असे मला पटत नाही.

सरकार करील तेव्हा करील. तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची आहे. पार्किंगवरून भांडण सुरू होण्याच्या आधी उठा आणि एक ठराव मांडा: प्रशिक्षण निधी या वर्षी मॅनेजर, प्लंबर, सुरक्षारक्षक आणि सफाई कामगारांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा, त्यांच्या वर्गाचे तास कामाचे तास धरावेत, इमारतीचे नकाशे पंपघराच्या भिंतीवर मराठीत लावावेत, आणि कमिटीच्या प्रत्येक सदस्याने त्यांच्याबरोबर निदान एक वर्ग बसून करावा. अनुमोदन द्यायला कोणीतरी मिळेलच. नाही मिळाले तर वॉचमनला विचारा, तुमच्या इमारतीचा आगीचा पंप आत्ता ‘ऑटो’वर आहे की ‘मॅन्युअल’वर, आणि त्याचे उत्तर सभेत सर्वांना ऐकवा.